साधनाची निवड

ज्या मुंबई इलाख्यात अपत्यांची संख्या हा ईश्वरी कृपेचा विषय मानला जात होता, आणि त्या कृपेचा भार सोसता सोसता कित्येक स्त्रियांची बाळंतिणीच्या खोलीतच इतिश्री होत होती, त्या इलाख्याच्या राजधानीत १९२१ साली गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र उघडले. लंडनमध्ये मारी स्टोप्स यांचे असेच केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. म्हणजे निदान या एका बाबतीत आपण विलायतेच्या मागे नव्हतो. समाजसुधारक महर्षी कर्व्यांच्या या चिरंजिवांनी वडिलांची चिकाटी पुरेपूर उचलली होती. लोकांना सांभाळून घेण्याची त्यांची हातोटी मात्र मुळीच उचलली नव्हती.

त्या काळी साधने मोजकीच होती: पुरुषाने वापरावयाची रबरी पिशवी, स्त्रीने गर्भाशयाच्या मुखावर बसवावयाची रबरी टोपी आणि क्विनीनयुक्त गोळ्या. पिशवी सोपी खरी, परंतु ती सर्वस्वी नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून. आणि ज्या घरात स्त्रीला नकाराचाच अधिकार नाही, तेथे ही मर्जी कितपत टिकणार, हे सांगावयास नको. टोपी स्त्रीच्या हातची, म्हणून तिचे महत्त्व मोठे. पण तिचे माप जाणत्या व्यक्तीकडून घ्यावे लागे, बाळंतपणानंतर ते पुन्हा तपासावे लागे, आणि ती आधी बसवून, काही तासांनी काढून, धुऊन निगुतीने ठेवावी लागे. चाळीतल्या एका खोलीत सासूसासरे, दीर आणि चार मुले यांच्यासह नांदणाऱ्या, सामाईक नळावर पाणी भरणाऱ्या सुनेने हे कोठे आणि केव्हा करावे? साधनाची योग्यता वैद्यकाइतकीच घराच्या भिंतींवरही ठरते, आणि म्हणूनच अशा केंद्रात साधनापेक्षा सल्ल्याचे मोल अधिक असते.

या उद्योगाची किंमत कर्व्यांनी पुरेपूर मोजली. विल्सन कॉलेजच्या चालकांना तो रुचला नाही आणि प्राध्यापकी गेली; संसार पत्नी मालतीबाईंच्या मिळकतीच्या आधारे चालला; आणि उभयतांनी स्वतःला मूल होऊ न देण्याचे ठरवले होते, त्याचीही लोकांना चर्चा पुरली. १९२७ साली सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले, अश्लीलतेच्या खटल्यांत दंड भरले. १९३४ सालच्या खटल्यात तर त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड चुकला नाही. पुढे १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात आंबेडकरांच्या पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रस्ताव आणला, तोही बहुमताने फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा विषय हाती घेतला, तेव्हा साधन निवडले ते मात्र स्त्रीच्या सोयीने नव्हे. गांधीजींना कृत्रिम साधने मान्य नव्हती; १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास आलेल्या अमेरिकन संततिनियमन-प्रचारक मार्गारेट सँगर यांच्याशी झालेल्या संभाषणातही त्यांनी आत्मसंयमाचाच आग्रह धरला होता. त्यांच्या अनुयायी आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन यांच्या साह्याने ऋतुचक्रातील ‘सुरक्षित दिवस’ मोजण्याचा प्रयोग करविला. त्यासाठी रंगीत मण्यांची माळ दिली गेली: हिरवा मणी निर्धास्त, तांबडा मणी धोक्याचा. रात्री रंग कळेनात, म्हणून मण्यांचे आकारही बदलावे लागले. आणि काही स्त्रियांनी मणी सरकवणे हाच उपाय, असे भाबडेपणाने मानले. सरकारी शहाणपण आणि अंधाऱ्या खोलीचा अनुभव यांच्यातील अंतर याहून स्पष्ट दिसणे कठीण.

पुढे गर्भाशयात बसवावयाचा लूप आला, १९६८ साली ‘निरोध’ ही सरकारी रबरी पिशवी आली, तांबी आणि गोळ्या आल्या. परंतु कचेऱ्यांच्या दप्तरात एकच रकाना मोठा होत गेला, तो शस्त्रक्रियेचा. लक्ष्याचा आकडा वरून येई आणि तो शिक्षक व तलाठी यांच्यापर्यंत वाटला जाई. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षी देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर ती सक्तीची करणारे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, हे आपले भाग्य. लक्ष्ये अधिकृतपणे रद्द झाली ती १९९६ साली. तोवर सवय मात्र पक्की झाली होती: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली, तर ज्यांच्या पतींनी ती करून घेतली होती अशा स्त्रिया अवघ्या ०.३ टक्के होत्या, वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आणि कमी जोखमीची असूनही.