छत्तीस अधिकारी आणि गव्हाचे वाफे

वीस-बावीस वर्षांपूर्वी बँकेच्या पीककर्जाच्या कामासाठी एका कृषी संशोधन केंद्रावर गेलो होतो. तिथे गव्हाच्या प्रयोगाचे वाफे होते. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच वाफे, आणि प्रत्येक वाफ्यात खोचलेल्या पत्र्याच्या पाटीवर वाणाचं अक्षर. अक्षरं मात्र कुठल्याच क्रमाने नव्हती. एक वाण एका ओळीत सलग पेरला असता तर पेरायला आणि कापायला किती सोपं गेलं असतं, असं मी सोबतच्या कृषी सहायकांना म्हणालो. ते हसले. “साहेब, जमीन कुठे सारखी असते? वरच्या अंगाला कस कमी, खालच्या अंगाला गाळ बसतो. पाट या कडेला आहे, म्हणून पलीकडच्या कडेला पाणी उशिरा पोचतं. म्हणून प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदा आणि प्रत्येक उभ्या ओळीत एकदा. लॅटिन स्क्वेअर म्हणतात याला.”

मी वाणिज्य शाखेचा. गणित बारावीनंतर सुटलं, शेती वडिलांच्या पिढीबरोबर सुटली. पण गव्हाच्या शेतात ‘लॅटिन’ कुठून आलं, हा प्रश्न मला सोडेना. तो धरून वाचत गेलो आणि जे हाती आलं, ते सेंट पीटर्सबर्गपासून नागपूरपर्यंत पसरलेलं होतं.

सुरुवात लिओनार्ड ऑयलरपासून करू. १७७९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जवळजवळ अंध झालेल्या या गणितज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे एक निबंध ठेवला. तो १७८२ मध्ये छापून आला. निबंधातलं कोडं असं: सहा पलटणी आहेत. प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी निवडले, म्हणजे एकूण छत्तीस. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असं उभं करा की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी येईल.

सहाऐवजी चार घेतले तर हे सहज जमतं. अक्षर म्हणजे पलटण आणि अंक म्हणजे हुद्दा, असं समजा:

क१ ख२ ग३ घ४
ख३ क४ घ१ ग२
ग४ घ३ क२ ख१
घ२ ग१ ख४ क३

नुसती अक्षरं पाहिली तर एक चौरस दिसतो, नुसते अंक पाहिले तर दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवले की सोळाही जोड्या एकेकदाच येतात. ऑयलरने एका चौरसासाठी लॅटिन अक्षरं वापरली आणि दुसऱ्यासाठी ग्रीक, म्हणून एकट्याला लॅटिन चौरस आणि जोडीला ग्रीको-लॅटिन चौरस ही नावं पडली. त्या शेतातल्या ‘लॅटिन’चा अर्थ एवढाच! (दोन चौरस एकमेकांवर ठेवून तिसरा घडवण्याची युक्ती आपल्याकडे नारायण पंडितांच्या १३५६ मधल्या ‘गणितकौमुदी’त आहे. तिथे ती भद्रगणितात, म्हणजे जादूच्या चौरसांसाठी, वापरली आहे. ऑयलरच्या निबंधाच्या शीर्षकातही जादूचे चौरसच आहेत. यावरून ‘सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. प्रश्न वेगळा होता.)

ऑयलरला सहाचा चौरस जुळेना. दोनाचा तर उघडच अशक्य. मग त्याने अंदाज बांधला की ज्या संख्येला चाराने भागून दोन उरतात, त्या कोणत्याही संख्येसाठी अशी जोडी नसते. म्हणजे ६ नाही, १० नाही, १४, १८, २२ काहीच नाही. सिद्धता त्याने दिली नाही. पण शब्द ऑयलरचा होता.

सहापुरता तो खरा निघाला. हे दाखवलं गास्तों तारी यांनी, १९०० साली. तारी गणिताचे प्राध्यापक नव्हते. अल्जीरियात फ्रेंच सरकारच्या वित्त खात्यात ते नोकरी करत. पहिली ओळ आणि पहिला रकाना क्रमाने लावून घेतला तर सहाचे ९,४०८ लॅटिन चौरस होतात. त्यांचे गट पाडून तारींनी हातानेच प्रकरण संपवलं. खातेवह्या तपासणाऱ्या माणसाच्या चिकाटीचं हे काम आहे, आणि मला ते जवळचं का वाटतं हे वेगळं सांगायला नको. पुढच्या सगळ्या संख्यांसाठी मात्र नुसती चिकाटी पुरणारी नव्हती. १९०२, १९१० आणि १९२२ मध्ये तीन वेगवेगळ्या गणितज्ञांनी ऑयलरच्या अंदाजाच्या सिद्धता छापल्या. तिन्ही सदोष ठरल्या.

इथून कथेचा दुसरा धागा सुरू होतो, आणि तो एका कारखानदाराच्या शेतातून निघतो. जॉन बेनेट लॉज या इंग्रज जमीनदाराने १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं आणि कृत्रिम खताचा धंदा सुरू केला. पुढच्याच वर्षी त्याने हार्पेंडनजवळच्या आपल्या रॉथमस्टेड इस्टेटीवर खतांचे प्रयोग सुरू केले. ब्रॉडबॉक नावाच्या शेतात तेव्हा पेरलेल्या गव्हाच्या नोंदी आजतागायत चालू आहेत. १९१९ पर्यंत रॉथमस्टेडमध्ये आकड्यांचा डोंगर साठला होता. तो उपसायला रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाला नेमलं.

त्याच काळात डब्लिनला गिनेस कंपनीच्या मद्याच्या कारखान्यात विल्यम गॉसेट काम करत होते. बार्लीचा कोणता वाण घ्यायचा हा कंपनीच्या दृष्टीने पैशाचा प्रश्न होता, आणि निर्णय मात्र मोजक्या वाफ्यांच्या उत्पन्नावरून घ्यावा लागे. थोड्या निरीक्षणांवर कितपत भरवसा ठेवायचा, याचं गणित गॉसेटनी १९०८ मध्ये मांडलं. कर्मचाऱ्याने खऱ्या नावाने लिहायचं नाही असा कंपनीचा दंडक असल्यामुळे लेखावर नाव होतं ‘स्टुडंट’. आज कॉलेजात शिकवली जाणारी ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ ती हीच. फिशर आणि गॉसेट यांची मैत्री होती, तरी एका मुद्द्यावर ते शेवटपर्यंत भांडले. कोणता वाण कुठल्या वाफ्यात हे विचारपूर्वक ठरवावं, असं गॉसेट म्हणत. फिशरचा आग्रह चिठ्ठ्या टाकण्याचा. गॉसेट शेताच्या जास्त जवळचे होते असं मला वाटतं, पण जग फिशरच्या वाटेने गेलं.

फिशरना लॅटिन चौरसात शेतीचा एक जुना प्रश्न सुटलेला दिसला. जमिनीचा कस दोन दिशांनी बदलत असेल तर आडव्या ओळींमधला फरक आणि उभ्या ओळींमधला फरक हिशेबातून वेगळा काढता येतो, आणि वाणांची तुलना स्वच्छ होते. १९२९ मध्ये वेल्समधल्या बेडगेलर्टच्या डोंगरउतारावर पाच जातींची झाडं पाच बाय पाचच्या चौरसात लावली गेली. पुढे ती वाढल्यावर काढलेल्या छायाचित्रात डोंगरावर ठिगळांची गोधडी पसरल्यासारखी दिसते. कोणता चौरस वापरायचा याचीही चिठ्ठी टाकायची, तर सगळे चौरस माहीत हवेत. म्हणून १९३४ मध्ये फिशर आणि फ्रँक येट्स यांनी सहाचे सगळे लॅटिन चौरस मोजले. उत्तर तेच, ९,४०८! तारींनी ते ऑयलरच्या कोड्यासाठी चाळले होते, यांनी शेतासाठी.

पण लॅटिन चौरसाला एक मर्यादा आहे. पंधरा वाण तपासायचे तर पंधरा ओळी आणि पंधरा रकाने, म्हणजे सव्वादोनशे वाफे लागतात. एवढी जागा आणि एवढे मजूर कुठून आणायचे? एकसारख्या कसाचा जमिनीचा तुकडा तीन-चार वाफ्यांएवढाच मिळतो. १९३६ मध्ये येट्सनी यावर तोड सुचवली. प्रत्येक छोट्या गटात सगळे वाण नकोत, पण कोणतेही दोन वाण सारख्याच वेळा एका गटात शेजारी यावेत. पंधरा वाण तीन-तीनच्या ३५ गटांत बसवले तर प्रत्येक जोडी बरोबर एकदा भेटते आणि प्रत्येक वाण सात वेळा येतो. जागेच्या टंचाईतून निघालेली ही रचना लक्षात ठेवा. ऑयलरचा अंदाज पुढे हिच्याच हातून पडणार आहे.

फिशर १९३७-३८ च्या हिवाळ्यात कलकत्त्याला आले, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे राजचंद्र बोस होते. शुद्ध भूमितीचे अभ्यासक असलेल्या बोसना महालनोबिसांनी संख्याशास्त्रात ओढलं होतं. एकमेकांशी जुळणाऱ्या चौरसांचा पूर्ण संच अविभाज्य संख्यांसाठी आणि त्यांच्या घातांसाठी मिळत असावा, असं फिशरना वाटत होतं. बोसनी ते गालवा क्षेत्रांच्या मदतीने सिद्ध केलं. प्रयोगासाठी वाफे कसे आखावेत, या प्रश्नाला विशीत मरण पावलेल्या एका फ्रेंच तरुणाचं अमूर्त बीजगणित उत्तर देत होतं.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे हे या कथेतलं माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं नाव. त्यांचा जन्म १९१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या सागरचा. नागपुरात ते शिकले आणि तिथेच शिकवलंही. बोस १९४९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलला गेले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली श्रीखंड्यांनी १९५० मध्ये पीएच.डी. केली. १९५९ मध्ये ते पुन्हा चॅपेल हिललाच होते, तेव्हा ई. टी. पार्कर यांचं काम त्यांच्यासमोर आलं. पार्कर रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅक या संगणक विभागात नोकरीला होते. १९२२ च्या त्या सदोष सिद्धतेच्या कर्त्याने आणखी एक व्यापक अंदाज मांडला होता, त्यानुसार २१ साठी एकमेकांशी जुळणारे दोनच चौरस असायला हवेत. पार्करनी गटरचना वापरून दोनाहून अधिक मिळवले. बोस आणि श्रीखंडे यांनी हाच धागा उचलला आणि थेट ऑयलरवर नेला.

त्यांची २२ ची युक्ती इतकी सुंदर आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाणांऐवजी पंधरा मुली घ्या. थॉमस कर्कमन या इंग्रज पाद्र्याने १८५० मध्ये घातलेलं कोडं आहे: पंधरा मुली सात दिवस रोज तीन-तीनच्या पाच गटांत फिरायला जातात, आणि आठवड्यात कोणत्याही दोघी बरोबर एकदाच एका गटात येतात. हेच ते ३५ गट. आता सात पाहुण्या बोलवा, दर दिवसाला एक. त्या दिवशीच्या पाचही गटांत ती पाहुणी सामील होते. तिघींचे गट चौघींचे झाले. पाहुण्यांची आपसांत भेट राहिली, म्हणून त्या सातजणींचा एक वेगळा गट करा. १५ आणि ७ मिळून २२. यांतल्या कोणत्याही दोघी आता बरोबर एकाच गटात आहेत, आणि गट आहेत चाराचे किंवा साताचे. चारासाठी आणि सातासाठी जुळणारे चौरस माहीतच आहेत. ते गटागटाने योग्य जागी बसवत गेलं की २२ चा ग्रीको-लॅटिन चौरस उभा राहतो. ऑयलरच्या मते जो असूच शकत नव्हता, तो.

पाठोपाठ पार्करनी १० चा चौरस मांडला. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की २ आणि ६ सोडून सगळ्या संख्यांसाठी अशी जोडी असते. १७७ वर्षं मानला गेलेला अंदाज काही आठवड्यांत निकालात निघाला. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. पार्कर युनिव्हॅकचे, म्हणून हे यश संगणकाचं असा समज पसरला आणि तो अजूनही अधूनमधून वाचायला मिळतो. वस्तुस्थिती उलट आहे. कॅलिफोर्नियात १० च्या चौरसासाठी ‘स्वॅक’ हा संगणक शंभराहून अधिक तास चालवला होता, आणि हाती काहीच लागलं नव्हतं. अंदाज पडला तो कागदावर, शेतासाठी घडवलेल्या गटरचनेच्या बळावर. चौरसाकडे नुसतं चौरस म्हणून पाहणाऱ्यांना जे दीडशे वर्षांत दिसलं नाही, ते ‘वाफे कमी, वाण जास्त’ या अडचणीतून आलेल्यांना दिसलं.

इकडे कारखान्यांतही हाच चौरस पोचत होता. जपानमधल्या इना टाइल कंपनीच्या भट्टीत फरशांची मापं सारखी येत नसत, कारण भट्टीतली उष्णता सगळीकडे सारखी नव्हती. असमान भट्टी म्हणजे असमान जमीनच. गेनिची टागुची यांच्या पद्धतीने केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की महागडी भट्टी बदलण्यापेक्षा मिश्रणात चुन्याचं प्रमाण वाढवणं पुरतं. टागुची १९५४-५५ मध्ये कलकत्त्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये होते. तिथल्या सी. आर. राव यांनी १९४७ मध्ये लॅटिन चौरसाच्या कल्पनेचा विस्तार करून जे तक्ते मांडले होते, तसे तक्ते हा टागुची पद्धतीचा कणा. चार घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या, म्हणजे ८१ प्रयोग. तीन बाय तीनचा ग्रीको-लॅटिन चौरस घेतला तर नऊ प्रयोगांत काम भागतं: ओळ हा एक घटक, रकाना दुसरा, अक्षर तिसरा आणि अंक चौथा. पिंपरी-चिंचवडला सुट्या भागांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भाच्याला ‘टागुची’ चांगलाच ठाऊक होता. श्रीखंडे हे नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं.

त्याला काय बोलणार? मीही ते चाळिशीपर्यंत ऐकलं नव्हतं. श्रीखंडे अमेरिकेतून परतले. १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख झाले आणि १९७८ पर्यंत तिथे होते. त्यांच्या नावाचा ‘श्रीखंडे आलेख’ जगभरच्या पुस्तकांत आहे. २१ एप्रिल २०२० रोजी, एकशे दोन वर्षांचे असताना, ते गेले. टाळेबंदीचे दिवस होते, वर्तमानपत्र घरी येत नव्हतं. मला ते कळलं तेव्हा दोन महिने उलटून गेले होते.

वर्तमानपत्रं पुन्हा सुरू झाली तसं सुडोकूही परत आलं. नऊ बाय नऊचा लॅटिन चौरस आणि वर तीन बाय तीनच्या चौकटींची अट. अशा चौकटींचे चौरस बेहरेन्स या जर्मन संशोधकाने १९५६ मध्येच मांडले होते. करमणुकीसाठी नव्हे, जमिनीतला फरक आणखी नीट वाटला जावा म्हणून.

१० च्या चौरसाची गोष्ट तर अजून संपलेली नाही. एकमेकांशी जुळणारे दोन चौरस पार्करनी दिले. नऊ असू शकत नाहीत, हे १९८९ मध्ये संगणकाच्या प्रचंड मोजणीतून ठरलं. पण तीन असतात की नाही? हा प्रश्न आजही उघडा आहे.