मुळशीचा पाऊस आणि आपत्तीची पूर्वसूचना : सी-डॉटच्या तंत्रज्ञानाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हा सह्याद्रीतील अतिवृष्टीचा प्रदेश होय. २५ जुलै २०२४ रोजी सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणी येथे ५५६, तर लवासा येथे ४५३ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तालुक्यातील मुळा व मोसे या नद्यांचे पाणी अखेर पुणे शहरात पोहोचते. त्यामुळे येथील धोक्याची वार्ता कोणापर्यंत आणि केव्हा पोहोचते, हा प्रश्न संपूर्ण नदीखोऱ्याचा ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१२ जुलै १९६१ रोजी मुळशीच्या शेजारचे पानशेत धरण फुटले, तेव्हा पुणेकरांना पुरेशी पूर्वसूचना मिळाली नव्हती. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि गाव दिसेनासे झाल्याची पहिली खबर एस.टी.च्या चालकाने बाहेर नेली. मोबाइलच्या युगातही डोंगरातील गाव आणि शासनयंत्रणा यांच्यातील दुवा किती क्षीण होता, हे यावरून स्पष्ट होते.

सी-डॉटचे कार्य :
ऑगस्ट १९८४ मध्ये केंद्र शासनाने सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था स्थापन केली. वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण टेलिफोन केंद्र ही तिची आरंभीची मोठी देणगी. पुढे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी तिने ‘सचेत’ ही इशारा प्रणाली विकसित केली. एसएमएस एकेका क्रमांकावर जातो व गर्दीच्या वेळी रखडतो. याउलट सेल ब्रॉडकास्ट पद्धतीत निवडलेल्या क्षेत्रातील टॉवर तेथील सर्व सक्षम मोबाइल संचांना एकाच वेळी संदेश देतात. क्रमांक ठाऊक असण्याची गरज नसते. पर्यटकालाही इशारा मिळतो, ही बाब ताम्हिणीसारख्या घाटात मोलाची आहे. सी-डॉटच्या या स्वदेशी पद्धतीच्या देशव्यापी चाचण्या २०२३ मध्ये झाल्या.

मर्यादा :
जेथे टॉवरची लहर पोहोचत नाही, तेथे हा संदेशही पोहोचत नाही. शिवाय यंत्र केवळ दिलेला संदेश वाहून नेते; तो वेळेवर देण्याचा निर्णय माणसाचाच असतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील वस्त्या बुडाल्या, तेव्हा वेळीच सूचना न मिळाल्याची तक्रार रहिवाशांनी केली होती.

समारोप :
पानशेत ते सचेत या प्रवासात संदेशाचा वेग वाढला, परंतु उत्तरदायित्वाचा प्रश्न कायम राहिला. म्हणून मुळशीसारख्या तालुक्यात दवंडी, भोंगा व पोलीस पाटील ही जुनी साधने मोडीत न काढता नव्या तंत्रज्ञानाशी जोडणे अगत्याचे ठरते.