दाखला आणि दाद

परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला एका कागदाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. मुलगा परीक्षा उत्तीर्ण होतो, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्याच दिवशी अधिवासाच्या दाखल्यासाठी वडिलांच्या खेपा सुरू होतात. जयपुरातील आपल्या मंडळींनीही या खेपा घातल्या आहेत. परंतु आपली अडचण झाली तरी प्रांताची. 'तू या देशाचा कोण?' असा प्रश्न आपल्या मुलांना कोणी केला नाही. याच नगरात ज्या मुलांना तो प्रश्न ऐकावा लागला, त्यांची ही हकीकत आहे.

फाळणीनंतर सिंध आणि पंजाबमधून आलेल्या निर्वासितांनी जयपूरच्या परकोटाबाहेर आदर्शनगर, राजापार्क यांसारख्या वसाहती गजबजून टाकल्या. त्यांच्यासाठी घटनाकारांनी सहावे कलम लिहिले. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथेच राहिलेला तो नागरिक. त्यानंतर आलेल्याने सहा महिने येथे राहून अर्ज करावा व नोंद करून घ्यावी. नागरिकत्वाच्या कलमाने मसुदा समितीला जितकी डोकेदुखी दिली तितकी क्वचितच दुसऱ्या कलमाने दिली असेल, अशी कबुली डॉ. आंबेडकरांनी दिली होती. ऑगस्ट १९४९ मधील त्या चर्चेत विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी एक दुरुस्ती सुचविली. जो धर्माने हिंदू अथवा शीख आहे व अन्य कोणत्याही राष्ट्राचा नागरिक नाही, त्याला तो कोठेही राहत असला तरी भारताचे नागरिकत्व मिळावे, असा तिचा आशय होता. सभेने ती स्वीकारली नाही. नागरिकत्वाला धर्माची कसोटी लावावी की नाही, हा वाद मात्र तेथे मिटला नाही. तो सत्तर वर्षे दबा धरून बसला.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी थरपारकरकडून माणसांचे नवे लोंढे राजस्थानात आणले. पुढेही कोणी यात्रेच्या, कोणी आप्तभेटीच्या परवान्यावर येतच राहिले. ते परतले नाहीत, आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर दिवस काढू लागले. इकडे कायदा कठोर होत गेला. १९५५ च्या अधिनियमात भारतीय वंशाच्या अर्जदाराला सहा महिन्यांचे वास्तव्य पुरेसे होते; १९८६ मध्ये त्याची पाच वर्षे झाली आणि पुढे सात. म्हणजे आईवडिलांबरोबर बाराव्या वर्षी आलेले मूल शाळा संपवून बाहेर पडते, तरी घरातील कोणाचा अर्ज दाखल होण्याची वेळच आलेली नसते.

शाळेपर्यंत निभावते. २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाविषयी बोलतो. तेथे 'नागरिक' हा शब्द आडवा येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. खरी भिंत उभी राहते ती महाविद्यालयाच्या दाराशी. २०१६ मध्ये जयपूरच्या एका विद्यार्थिनीला तिचा अनुभव आला. सिंधमधून आलेल्या या मुलीने बारावीत उत्तम गुण मिळविले. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वेळी मात्र परकीय नागरिकत्व आड आले. तिचे गाऱ्हाणे जाहीर झाले, परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी स्वतः त्यात लक्ष घातले, आणि तिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला.

ही गोष्ट आनंदाची खरी. पण तिच्यात एक सल आहे. पूर्वी राजाच्या ड्योढीवर फिर्यादी उभा राही व राजा प्रसन्न झाला तर न्याय होई. ज्याची हाक कानी पडली त्याचे काम झाले. ज्याची पडली नाही त्याचे काय? अमेरिकेतील कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांनी हा भेद ओळखला होता. शाळेचा हक्क त्यांना १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढच्या वाटेसाठी २००१ मध्ये विधेयक मांडले गेले. विद्यार्थी प्रतिनिधींना पत्रे लिहीत राहिले, त्यांच्या कचेऱ्यांत जाऊन बसत राहिले. डिसेंबर २०१० मध्ये कनिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर केले, पण सेनेटमध्ये साठ मते हवी असताना पंचावन्नच पडली. २०१२ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने तात्पुरते अभय मिळाले. कायदा मात्र झालाच नाही.

आपल्याकडे २०१६ च्या डिसेंबरात काही जिल्हाधिकाऱ्यांना या लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार सोपविण्यात आले. त्या यादीत जयपूर, जोधपूर, जैसलमेर होते, तसेच मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूरही. संसदेने कायदा केला तो २०१९ मध्ये. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मसमुदायांना त्याने वाट मोकळी केली. मुसलमान वगळले गेल्याने देशभर विरोध उसळला, आणि पंजाबरावांच्या दुरुस्तीचा वाद पुन्हा जागा झाला. २५ जानेवारी २०२० रोजी जयपुरातच राजस्थानच्या विधानसभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला. ज्या नगरात आमदार समतेच्या तत्त्वासाठी हात वर करीत होते, त्याच नगरात काही घरांतून त्या कायद्याच्या नियमांची वाट पाहिली जात होती. ते नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले.

तत्त्व आणि तातडी यांतील हा पेच एका वाक्यात सुटणारा नाही. तरी मुलाच्या बाजूने पाहिले की एक गोष्ट स्वच्छ दिसते: सरहद्द ओलांडण्याचा निर्णय त्याचा नव्हता. २०१५ च्या जानेवारीत आईच्या कडेवर आलेले बालक त्या कायद्याच्या तारखेला एका महिन्याने चुकले. त्याची बारावीची परीक्षा काही वर्षांतच येईल. त्या दिवशीही एखाद्या मंत्र्याच्या कानी हाक जावी म्हणून त्याने दैवावर विसंबावे काय? परमुलखातला दाखला मिळविताना आपण जे हेलपाटे घातले, त्यांची आठवण ठेवून आपल्या प्रतिनिधींना एक पत्र लिहावयाचे असेल, तर ते या मुलासाठी लिहावे. त्याच्याकरिता दया मागू नये, नियम मागावा.