तैनाती फौज आणि वऱ्हाड
25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या, तेव्हा तो मराठ्यांचा घरचा कलह होता. 31 डिसेंबरच्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने त्यात इंग्रजांस आणले. 26 लक्षांचा मुलूख तोडून देऊन सहा हजारांची तैनाती फौज पत्करली. ‘तैनात’ म्हणजे चाकरीस नेमलेला. येथे चाकर कोण, हे वर्षभरातच उघड झाले. निमंत्रणाने हस्तक्षेप न्याय्य ठरतो, हे मत मला ग्राह्य वाटत नाही. निमंत्रण बाजीरावाचे, भुर्दंड वऱ्हाडास. नोव्हेंबर 1803 मध्ये अडगावी भोसल्यांचा पराभव झाला, डिसेंबरात गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील प्रदेश, कारंजासह, निजामाकडे गेला. पुढे 1853 मध्ये निजामाच्या दिमतीस दिलेल्या अशाच एका फौजेच्या खर्चापोटी तोच प्रदेश इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतला.