‘फॅमिली जी’: एका कुटुंबाची सव्वाशे वर्षांची वंशावळ

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे तपासायला येता तेव्हा एक प्रश्न मी हमखास विचारतो. "घरात कुणाला काही मोठा आजार?" बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "नाही डॉक्टर, तसं काही नाही." मग बीपी मोजता मोजता मी पुन्हा विचारतो, आजोबा कशाने गेले? "त्यांना पोटाचं काहीतरी होतं." आणि आत्या? "तिला गाठ झाली होती, पण ते फार जुनं. मी तेव्हा शाळेत होतो." म्हणजे आपल्या घरात 'तसं काही' असते, फक्त आपण त्याला नाव देत नाही. कॅन्सर हा शब्द उच्चारला तर तो घरात येईल अशी एक भीती असते. मुलीचे लग्न जमवायचे असेल तर आणखीनच.

आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगणार आहे. या कुटुंबातल्या एका मुलीने आपल्या घरातले मृत्यू कारणांसकट मोजून दाखवले, आणि तिने सुरू केलेली यादी पुढे शंभराहून अधिक वर्षे डॉक्टर लिहीत राहिले. वैद्यकशास्त्रात ते 'फॅमिली जी' या नावाने प्रसिद्ध आहे. नुसते 'जी' हे एक अक्षर, कारण कुटुंबाचे खरे नाव गुप्त ठेवायचे होते.

साल १८९५. मिशिगन राज्यातले अ‍ॅन आर्बर हे विद्यापीठाचे गाव. तिथे आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे, अजून तिशीही न गाठलेले डॉक्टर पॅथॉलॉजी शिकवत होते. त्यांच्या ओळखीची शिवणकाम करणारी एक तरुणी होती. एक दिवस ती फार उदास दिसली, म्हणून त्यांनी कारण विचारले. ती म्हणाली की मी लवकर मरणार आहे, कॅन्सरने. पोटाचा होईल, आतड्याचा होईल नाहीतर गर्भाशयाचा होईल, पण होणार हे नक्की, कारण आमच्याकडे सगळे असेच जातात.

आता विचार करा, तिच्या जागी तुम्ही असता आणि असे काही आम्हा डॉक्टरांना सांगितले असते तर आम्ही काय म्हणालो असतो? "काहीतरी मनात आणू नका, झोप लागत नाही का, गोळी देतो." त्या काळी तर याहून सोपे होते. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम अजून धूळ खात पडले होते, ते जगाला पुन्हा सापडले १९०० मध्ये. 'जीन' हा शब्दसुद्धा नव्हता, तो आला १९०९ मध्ये. कॅन्सर घराण्यातून येतो असे म्हणायला शास्त्रीय आधार काहीच नव्हता. वॉर्थिनना याबद्दल मी मनापासून मानतो, की त्यांनी तिला वेड्यात काढले नाही. उलट तिलाच कामाला लावले. कोण कशाने गेले, कितव्या वर्षी गेले, कोणाला किती मुले झाली, ही सगळी माहिती तिने घरातून गोळा करून आणायची. आणि ती आणत राहिली.

तिचे आजोबा जर्मनीतून येऊन मिशिगनमध्ये स्थायिक झाले होते. तेही जठराच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरनेच गेले. वॉर्थिननी हे सारे १९१३ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा या आजोबांच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कॅन्सरने दगावले होते किंवा त्यांच्यावर कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली होती. त्यात गर्भाशय आणि जठर हे दोनच अवयव पुन्हा पुन्हा येत होते. ती तरुणी स्वतः वयाच्या ४६ व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. शोधनिबंधावर नाव अर्थातच डॉक्टरांचे होते. निम्मे काम तिचे होते असे मला तरी वाटते.

वॉर्थिन काही सर्वज्ञ नव्हते, हेही सांगायला हवे. तो सुप्रजननवादाचा काळ होता. 'चांगल्या' घराण्यांनी मुले जन्माला घालावीत, 'वाईट' घराण्यांनी घालू नयेत, असे अमेरिकेतले शिकलेले लोक उघड बोलत असत. वॉर्थिनही त्या विचारांच्या प्रभावाखाली होते. १९२५ मध्ये याच कुटुंबावर पुन्हा लिहिताना त्यांनी असे सुचवले की पुढच्या पिढ्यांत कॅन्सर आणखी लहान वयात दिसतो आहे आणि हा वंश क्षीण होत चालला आहे. म्हणजे रोग अचूक ओळखला आणि माणसांबद्दलचा अंदाज मात्र साफ चुकला. १९३१ मध्ये वॉर्थिन वारले. १९३६ मध्ये त्यांच्याच विद्यापीठातल्या डॉक्टरांनी वंशावळीत आणखी भर घातली. त्यानंतर कितीतरी वर्षे हे कागद आणि काचपट्ट्या कपाटात पडून राहिल्या. कॅन्सर म्हणजे तंबाखू, रसायने, विषाणू, असेच त्या काळात सगळे म्हणत होते, आणि त्यात खोटे काही नव्हते. पण अर्धे चित्र कपाटात होते.

ते कपाट उघडायला कारण झाला एक दारूडा पेशंट.

१९६२ च्या सुमारास नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात हेन्री लिंच नावाचे डॉक्टर मेडिसिनचे प्रशिक्षण घेत होते. यांची स्वतःची गोष्टही मजेशीर आहे. शाळा सोडून, वय खोटे सांगून ते दुसऱ्या महायुद्धात नौदलात भरती झाले, नंतर काही काळ बॉक्सिंग केले आणि मग डॉक्टर झाले. तर, त्यांच्या वॉर्डात एक अति मद्यपानाने आजारी पडलेला माणूस आला. तू एवढी का पितोस असे विचारल्यावर तो म्हणाला की आमच्या घरात सगळे कॅन्सरने मरतात, मीही मरणार, मग प्यायलो तर काय बिघडले? दुसरा कोणी असता तर त्याने केसपेपरवर 'दारूचे व्यसन' लिहून पान उलटले असते. लिंचनी त्याच्या नातेवाइकांची यादी करायला घेतली. समाजसेविका अ‍ॅन क्रश त्यांच्याबरोबर होत्या. १९६६ मध्ये त्यांनी अशी दोन मोठी कुटुंबे प्रसिद्ध केली, आणि ते वाचून मिशिगन विद्यापीठातून निरोप आला की आमच्याकडे असेच एक कुटुंब १८९५ पासून आहे, तुम्हाला कागद हवेत का?

१९७१ मध्ये लिंच आणि क्रश यांनी 'फॅमिली जी'चा नवा वृत्तांत दिला तेव्हा रक्ताच्या नातेवाइकांची संख्या ६५० च्या वर गेली होती. त्यात एक गोष्ट अशी होती की ती वाचताना तुम्ही जरा थांबावे. वॉर्थिनच्या काळात या घरात जठराचा कॅन्सर भरपूर होता. पुढच्या पिढ्यांत तो कमी झाला आणि मोठ्या आतड्याचा वाढला. साऱ्या अमेरिकेतही जठराचा कॅन्सर याच काळात घटला. घरोघरी फ्रिज आले, खारवलेले आणि धुरावलेले मांस कमी झाले, जठरातल्या एका जंतूचा संसर्गही कमी झाला. याचा अर्थ जन्मतः मिळालेला दोष तोच, पण तो कुठे फुटून बाहेर पडेल हे काही अंशी राहणीमान ठरवत होते. "आनुवंशिक आहे, मग पथ्य पाळून काय उपयोग" असे मला विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

तरीही लिंच यांच्यावर वैद्यकविश्वाचा विश्वास बसायला फार वेळ लागला. संशोधनासाठी मागितलेले सरकारी अनुदान नाकारले गेले. घराण्यात एकाच प्रकारचे कॅन्सर दिसणे हा योगायोग, किंवा एकाच घरात एकच अन्न खाल्ल्याचा परिणाम, असे म्हणणारे पुष्कळ होते. उत्तर मिळाले १९९३ मध्ये. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर 'एमएसएच २' हा जीन सापडला, पुढच्याच वर्षी तिसऱ्या गुणसूत्रावर 'एमएलएच १'. २००० मध्ये 'फॅमिली जी'तला नेमका दोष कळला. 'एमएसएच २' मध्ये एका ठिकाणी डीएनएच्या 'टी' या अक्षराऐवजी 'जी' आले होते. एवढेच. एक अक्षर.

हे एक अक्षर इतका घोळ कसा घालते? आपली प्रत्येक पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करते. सुमारे तीन अब्ज जोड्यांचा मजकूर उतरवताना चुका होणारच. छापखान्यात जसे मुद्रितशोधक असतात तसे पेशीतही काही प्रथिनांचे काम चुका शोधून दुरुस्त करण्याचे असते. 'एमएसएच २' हा अशाच एका मुद्रितशोधकाचा जीन आहे. त्याच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या कुटुंबातल्या दोषवाहक माणसाला एक प्रत जन्मापासून बिघडलेली मिळते, पण दुसरीवर काम चालते. म्हणून तो धडधाकट असतो. पुढे कधीतरी आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या अस्तरातल्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही बिघडली की त्या पेशीत चुका साचत जातात आणि कॅन्सर लवकर तयार होतो. दोषवाहक असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असे नाही ते यामुळेच. आणि आईवडिलांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडवले जाते. ज्याच्यात दोष आला नाही त्याच्या मुलांनाही तो येत नाही. वंश क्षीण वगैरे होत नाही. २००५ मध्ये या कुटुंबाचा पुन्हा आढावा घेतला गेला तेव्हा मूळ पुरुषाचे ९२९ वंशज नोंदले गेले होते.

या आजाराला आज 'लिंच सिंड्रोम' म्हणतात. तो दुर्मीळ नाही. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजानुसार साधारण ३०० माणसांमागे एकात हा दोष असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

इथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी चाळिशीतले एक गृहस्थ माझ्याकडे थकवा येतो म्हणून आले. हिमोग्लोबिन कमी होते. मी जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. थोडे बरे वाटले, पुन्हा कमी झाले, पुन्हा गोळ्या. सहा महिने असे गेल्यावर मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातला कॅन्सर सापडला. या भागातला कॅन्सर डोळ्यांना दिसेल असे रक्त न पाडताही माणसाला पांढरे करतो. नंतर भेटायला आलेल्या त्यांच्या बहिणीने सहज सांगितले की आई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली आणि मामा आतड्याच्या. मी पहिल्या दिवशी "घरात काही आजार?" विचारले होते, त्यांनी "नाही" म्हटले होते, आणि मी ते लिहून घेऊन पुढे गेलो होतो. तेव्हापासून मी एका उत्तरावर थांबत नाही.

कधी संशय घ्यायचा? १९९० मध्ये तज्ज्ञांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक ढोबळ नियम ठरवला: मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेले तीन नातेवाईक, त्यातला एक उरलेल्या दोघांचा अगदी सख्खा, सलग दोन पिढ्यांत, आणि निदान एकाला पन्नाशीच्या आत. नंतर गर्भाशयाचा आणि इतर काही अवयवांचे कॅन्सरही त्यात धरले गेले. पण आजची कुटुंबे लहान असतात, तीन नातेवाईक जमणारच नाहीत. म्हणून पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेला एक जरी जवळचा नातेवाईक असला तरी डॉक्टरांना सांगा. घरात ज्याला कॅन्सर झाला आहे त्याच्या गाठीच्या तुकड्यावर एक चाचणी होते, तिथून सुरुवात करणे सोपे. रक्ताची जीन चाचणी त्यानंतर. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी आनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळी ओपीडी आहे.

दोष सापडला तर करण्यासारखे बरेच आहे. विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात, कॅन्सर होण्याआधीचा मोड तिथेच काढून टाकता येतो. अशा कुटुंबांत नियमित कोलोनोस्कोपी केलेल्यांमध्ये आतड्याचा कॅन्सर निम्म्याहून कमी होतो, हे फिनलंडमधल्या अभ्यासात दिसले आहे. मुले झाल्यावर, चाळिशीच्या आसपास, काही स्त्रिया गर्भाशय आणि बीजांडकोष काढून घेतात. अ‍ॅस्पिरिननेही धोका कमी होतो, मात्र हे औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आणि कॅन्सर झालाच तरी त्यातल्या साचलेल्या चुकांमुळे आपली प्रतिकारशक्ती त्याला ओळखू शकते, म्हणून इम्युनोथेरपी या गाठींवर विशेष चांगली लागू पडते. ज्या दोषाने मारले तोच उपचाराला वाट करून देतो, हे मला नेहमी अजब वाटते.

चाचणी करायची की नाही, हा प्रश्न मात्र सोपा नाही. विमा, नोकरी, लग्न, सगळे डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत आरोग्यविमा कंपनीला किंवा मालकाला जीन चाचणीवरून भेदभाव करता येऊ नये म्हणून २००८ मध्ये कायदा करावा लागला, आणि त्यातूनही आयुर्विमा सुटलाच. त्याआधी, २००१ मध्ये, 'फॅमिली जी'तल्या एका तरुण आईने ही चाचणी करून घेतली. दोष निघाला. तिचे नाव अ‍ॅमी मके. त्या आज कॅनडातल्या नामांकित लेखिका आहेत, आणि २०१९ मध्ये त्यांनी 'डॉटर ऑफ फॅमिली जी' या पुस्तकात स्वतःच्या नावानिशी हे सगळे लिहिले. इतकी वर्षे एका अक्षराआड राहिलेल्या घरातली बाई उघडपणे बोलली. हेन्री लिंच त्याच वर्षी, वयाच्या ९१ व्या वर्षी, वारले.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना एक कागद घेऊन या. आईकडचे आणि वडिलांकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी, भावंडे. कोण कशाने आजारी पडले आणि तेव्हा वय काय होते. नक्की माहीत नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, तिला सगळे आठवत असते. 'पोटाचं काहीतरी' असेल तर तसेच लिहा, पुढचे आपण बसून पाहू.