थंडाव्याची सूत्रे

कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके वैशाखात भाजून निघावेत आणि कर्जतच्याच हद्दीतील माथेरान मात्र अडीच हजार फुटांवर शीतल राहावे, ही निसर्गाची विषम वाटणी ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हेरली, आणि या मुलखातील थंडाव्याचा इतिहास तेथूनच सुरू होतो अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तो फार जुना आहे. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा देऊन ठाकर-कातकऱ्यांनी उभारलेली घरे, कौलारू घरांची सावलीची पडवी, सारवलेली भुई, या सर्वांत उष्म्याचे निवारण अंतर्भूत होते; आणि दार लोटावे की सताड उघडे ठेवावे, याचा अखत्यार घरातल्या माणसाचाच असे.

इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांच्या आढ्याला झालरीचा पंखा टांगला गेला. त्याची दोरी भिंतीतील भोकातून ओसरीवर जाई आणि तेथे बसलेला एक माणूस भर दुपारी ती अखंड ओढीत राही. साहेबाचा घाम सुकावा म्हणून दुसऱ्याने तो गाळावा, ही व्यवस्था अन्यायाचीच होती, आणि ती गेली याचा मला मनापासून आनंद आहे. तथापि हुकूम आणि त्याची तामिली यांच्यामध्ये एका भिंतीपलीकडे अंतर नव्हते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ती दोरी ज्या शक्तीने निकालात काढली, ती याच भूमीत उत्पन्न झाली. नाना फडणविसांच्या तलावाने आणि महादेवाच्या देवळाने ख्यात झालेल्या खोपोलीत १९१५ साली टाटांचे जलविद्युत्केंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे अडवलेले घाटमाथ्याचे पाणी प्रचंड लोखंडी नळांतून दीड हजारांहून अधिक फूट खाली कोसळे, चक्रे फिरवी, आणि त्यातून निघालेली वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांकडे जाई. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्रही या कामी रुजू झाले. डोंगर येथला, पाणी येथले, आणि विजेवरचा पहिला हक्क दूरच्या शहराचा, असा तो व्यवहार होता. विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यातील दमटपणा आवरण्यासाठी योजलेली यंत्रविद्या १९३३ मध्ये मुंबईच्या रीगल चित्रगृहात रसिकांना गारवा देऊ लागली. खेड्यापाड्यांत ती यायला पुढे कित्येक दशके जावी लागली.

आज या तालुक्यांतील बंगल्यांत आणि शेतघरांत वातानुकूलन यंत्र ही अपूर्वाई उरलेली नाही, आणि भ्रमणध्वनीवरून चालणारे यंत्र घेण्याकडे लोकांचा ओढा आहे. येथे मला जुन्या दोरीची आठवण तीव्रतेने होते. अशा अनेक यंत्रांत पलंगावरून दिलेला हुकूम आधी इंटरनेटने कंपनीच्या दूरस्थ सर्व्हरकडे जातो आणि तेथून फिरून चार हातांवरच्या यंत्रापाशी पोहोचतो. आषाढातल्या वादळाने केबल तुटली, किंवा कंपनीने ती सेवाच बंद केली, की घरमालकाचा अंमल हातातल्या साध्या रिमोटपुरता उरतो. आपल्या घरातील हवेचा कारभार असा परस्वाधीन करणे मला मुळीच मान्य नाही.

म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला स्पष्ट विचारावे, की वायफाय चालू असून बाहेरचे इंटरनेट बंद असता हे यंत्र फोनची आज्ञा पाळते काय. आणि शक्य तर ते समोर करून दाखवायला लावावे. मॅटर या सामाईक प्रणालीत २०२३ पासून वातानुकूलन यंत्रांचाही समावेश असून तिच्यात घरच्या घरी नियंत्रणाची सोय आहे. साधेच यंत्र घेतले तरी रिमोटचे अवरक्त संकेत सोडणारे छोटे उपकरण भिंतीवर बसवून ते होम असिस्टंटसारख्या, घरातल्याच संगणकावर चालणाऱ्या प्रणालीला जोडता येते. मात्र हा संकेत एकमार्गी असतो: हुकूम सुटतो, पण यंत्र खरोखर सुरू झाले की नाही याची वर्दी परत येत नाही. त्यासाठी विजेचा वापर मोजणारा, यंत्राचा भार पेलणारा सोळा अँपिअरचा प्लग मध्ये घालावा, आणि तोही इंटरनेटवाचून आकडे देणारा आहे याची आधी खातरजमा करून घ्यावी.