एकोणीस वेळा एक

कळंबच्या चिंतामणीचं दर्शन पायऱ्या उतरून घ्यावं लागतं. बरोबरचं लेकरू त्या पायऱ्या मोजल्याशिवाय राहत नाही. मोजण्याची ही हौस शाळेत आल्यावर कुठं जाते, हे आम्हा मास्तरांनी स्वतःलाच विचारावं.

एका मास्तरांची ती हौस जन्मभर गेली नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवीत राहिले. पदवी बी. एस्सी.ची, पुढचं शिक्षण नाही. त्यांना १ या आकड्याच्या रांगांचं वेड. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्टेशनावर हे सुचलं, त्यावरून त्यांनी या संख्यांना 'डेम्लो' म्हटलं. पंडितांना तो पोरखेळ वाटे. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

आता या रांगाच मूळ संख्या असतात का? म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणी भागू शकत नाही, अशा? ११ आहे. ११११ नाही, चार १ चे दोन-दोनांचे गट पडतात, म्हणून ११ ने भाग जातोच. तेव्हा १ किती, ही गणतीच आधी मूळ संख्या हवी. पण तेवढ्यानं भागत नाही. पाच १ म्हणजे ४१ गुणिले २७१, सात १ म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अकरा, तेरा, सतरा, सगळ्या फुटतात. एकोणीसवर मात्र रांग फुटत नाही. न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॉप यांनी हे १९१८ साली सिद्ध केलं, तेव्हा यंत्रगणक नव्हते.

किती अवघड काम? फर्मा या फ्रेंच गणितीच्या सतराव्या शतकातल्या नियमातून एक सोय निघते. पाच १ च्या रांगेचा मूळ भाजक १० ने भागला की बाकी १ उरते. ४१ आणि २७१ पाहा. सातच्या रांगेला १४ ने भागून पाहा. एकोणीसला ३८ ने. एवढी सवलत घेऊनही १०५ कोटींपर्यंतच्या पावणेतीन कोटींहून अधिक संख्या तपासायला उरतात! सरळ भागत बसणाऱ्याचं आयुष्य पुरायचं नाही.

पुढे तेवीस १ ची रांगही मूळ ठरली. नंतरची ३१७ आकड्यांची १९७८ साली, १०३१ आकड्यांची १९८६ साली सिद्ध झाली. कापरेकर १९८६ सालीच गेले. ४९०८१ आकड्यांच्या रांगेला २०२२ साल उजाडलं. अशा रांगा अनंत आहेत की कुठं तरी संपतात, हे अजून कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही.

गुरुजी, उद्या फळ्यावर तेरा वेळा १ लिहा. २६ ने भागून १ उरेल असे भाजक मुलांना शोधू द्या. २७ फसेल, ५३ लागेल.